मावळत्या राष्ट्रपतींनी खुर्ची सोडायला नकार दिला तर? अमरावतीच्या सूनबाईंच्या निरोपातून समजून घ्या

६ जानेवारी २०२१ चे ते व्हिडिओ आठवतात? वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीवर जमाव चढतोय, काचा फुटतायत, खासदारांना सुरक्षित जागी हलवलं जातंय. कारण एकच होतं. निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प निकाल मानायला तयार नव्हते.

तेव्हापासून कुठल्याही देशात सत्ताबदलाची वेळ आली की सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास फिरतो. मावळता माणूस शांतपणे जाईल का? मग कुणीतरी विचारतं, आपल्या राष्ट्रपतींनी उद्या जायला नकार दिला तर काय? वऱ्हाडी भाषेत सांगायचं तर, 'अन् सोडतच नाई म्हनलं तं?'

प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचं उत्तर राज्यघटनेत लिहिलेलं आहे. ते समजून घ्यायला फार लांब जायचीही गरज नाही. कारण देशाच्या एका मावळत्या राष्ट्रपती थेट अमरावतीच्या सूनबाई होत्या.

अमरावतीचं राष्ट्रपती भवनाशी नातं

प्रतिभाताई पाटील यांचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, सासर अमरावतीचं. १९६५ मध्ये त्यांचं लग्न देवीसिंह शेखावत यांच्याशी झालं. शेखावत पुढे अमरावतीचे आमदार झाले आणि शहराचे पहिले महापौरही. प्रतिभाताईंची आमदारकी जळगाव जिल्ह्यातून झाली, पण १९९१ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या त्या अमरावतीतून. २००४ मध्ये त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार.

योगायोग असा की समोरचे उमेदवारही शेखावतच होते, तेव्हाचे उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत. शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती, पण मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मतमूल्य मिळालं, तर भैरोसिंह शेखावतांना ३,३१,३०६. २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून त्यांनी शपथ घेतली.

त्यांच्याआधीचे राष्ट्रपती होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. कलामांना दुसरी टर्म मिळावी अशी मागणी तेव्हा जोरात होती. पण पक्षांचं एकमत होत नाही म्हटल्यावर ते रिंगणाबाहेर राहिले आणि मुदत संपली त्या दिवशी पायउतार झाले. राष्ट्रपती भवनातून दोन सुटकेस घेऊन निघण्याची त्यांची गोष्ट तेव्हा घराघरात पोहोचली होती.

पाच वर्षांनी प्रतिभाताईंची जायची वेळ आली. १९ जुलै २०१२ ला मतदान झालं, २२ जुलैला मोजणी. प्रणव मुखर्जींनी पी. ए. संगमा यांचा पराभव केला आणि २५ जुलैला शपथ घेतली. तीन दिवसांत देशाचं सर्वोच्च पद एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. अमरावतीत काय किंवा दिल्लीत काय, 'ताई खुर्ची सोडतील ना?' अशी शंकासुद्धा कुणाच्या मनाला शिवली नाही.

मग वाद झाले ते कशावरून?

वाद अजिबात झाले नाहीत असं नाही. पण ते वाद खुर्चीचे नव्हते, खुर्चीसोबत काय न्यायचं याचे होते.

पहिला वाद पुण्यातल्या घराचा. निवृत्तीनंतर राहण्यासाठी खडकीत लष्कराच्या जागेवर घर बांधलं जातंय, यावर माजी सैनिकांनी आणि माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. एप्रिल २०१२ मध्ये, म्हणजे पदावर असतानाच, प्रतिभाताईंनी ते घर नको असल्याचं जाहीर केलं.

दुसरा वाद अमरावतीशी जोडलेला. पदावर असताना मिळालेल्या काही भेटवस्तू अमरावतीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या संग्रहालयात मांडण्यासाठी दिल्याचं माहिती अधिकारातून पुढे आलं. त्यावरून टीका झाली आणि राष्ट्रपती भवनाने त्या वस्तू परत मागवल्या.

या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. पद जातं तेव्हा पदामुळे मिळालेलं काय आपलं आणि काय देशाचं, हा हिशेब लोक विचारतात. सत्ता शांतपणे सोडणं यात हा हिशेबही येतो. आपल्याकडे तो मागण्यासाठी माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरला.

२५ जुलैला नेमकं काय घडतं?

१९७७ पासून नवे राष्ट्रपती २५ जुलैलाच शपथ घेत आले आहेत. नीलम संजीव रेड्डींपासून द्रौपदी मुर्मूंपर्यंत सलग १० जणांनी याच तारखेला शपथ घेतली. घटनेत ही तारीख कुठेच नाही. प्रत्येकाने पाच वर्षं पूर्ण केली, त्यामुळे पुढच्याचीही तारीख आपोआप तीच येत गेली.

त्या दिवशीचा क्रम बघण्यासारखा असतो. निवडून आलेली व्यक्ती आधी राष्ट्रपती भवनात जाते. तिथून मावळते आणि नवे राष्ट्रपती एकत्र, अंगरक्षक दलाच्या घोडेस्वारांसोबत संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये येतात. सरन्यायाधीश शपथ देतात. शपथ झाली की दोघं आपापल्या खुर्च्या बदलतात. २१ तोफांची सलामी होते, नवे राष्ट्रपती भाषण करतात. मग दोघंही राष्ट्रपती भवनात परततात आणि शेवटी नवे राष्ट्रपती मावळत्यांना निरोप द्यायला सोबत जातात.

हे सगळं दिखाऊ वाटू शकतं, पण त्यामागे एक अर्थ आहे. जाणारा माणूस लपून किंवा पडून जात नाही. तो सगळ्यांसमोर, मानाने जातो.

या मानाची सोय कायद्यातही आहे. १९५१ च्या कायद्यानुसार माजी राष्ट्रपतींना पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. सध्या राष्ट्रपतींचा पगार महिना ५ लाख आहे, म्हणजे पेन्शन अडीच लाख. शिवाय बिनभाड्याचं घर, कर्मचारी आणि वैद्यकीय सेवा. यावर खर्चिक म्हणून टीका होते. पण जगभरात खुर्चीला चिकटून बसणाऱ्या नेत्यांना एक भीती असते, की खाली उतरलो तर तुरुंगात जाऊ किंवा रस्त्यावर येऊ. उतरल्यावरही मान आणि छप्पर शाबूत राहणार असेल तर उतरणं सोपं होतं.

बरं, पण नकार दिलाच तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा एखाद्या राष्ट्रपतींनी ठरवलं की मी जाणार नाही. तर काय होईल?

थोडक्यात उत्तर असं की त्यांच्या ठरवण्याने काहीच होणार नाही. कारण पद सोडण्यासाठी मावळत्या राष्ट्रपतींची सही लागत नाही.

अनुच्छेद ५६ नुसार राष्ट्रपतींची मुदत पद स्वीकारल्यापासून पाच वर्षांची असते. अनुच्छेद ६० नुसार नव्या राष्ट्रपतींना शपथ देतात सरन्यायाधीश, आणि ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. या शपथविधीत मावळत्या राष्ट्रपतींना घटनेने काहीच काम दिलेलं नाही. ते आले तर शोभा वाढते, नाही आले तरी शपथ पूर्ण होते. शपथ झाली त्या क्षणापासून जुन्या राष्ट्रपतींच्या सहीची किंमत तुमच्या-आमच्या सहीइतकीच.

'पण तिन्ही सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती तेच ना?' असा पुढचा प्रश्न येतो. हो, अनुच्छेद ५३ नुसार सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. पण ते कायद्यानुसार वापरायचं असतं आणि अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावं लागतं. सरकारचे आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात, पण ठरतात मंत्रिमंडळात. हाच आपल्या आणि अमेरिकेच्या रचनेतला मोठा फरक आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतात. आपल्याकडे सरकार चालवतात पंतप्रधान.

मुदतीच्या मध्येच राष्ट्रपतींनी घटनेचा भंग केला तर अनुच्छेद ६१ मध्ये महाभियोगाची तरतूद आहे. संसदेच्या एका सभागृहातल्या किमान एक चतुर्थांश सदस्यांनी सही करून १४ दिवसांची नोटीस द्यायची. त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी ठराव मंजूर करायचा. मग दुसऱ्या सभागृहाने चौकशी करून तेवढ्याच बहुमताने आरोप सिद्ध झाल्याचं ठरवायचं, की राष्ट्रपती पदावरून दूर. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ही वेळ आलेली नाही.

ही घटना ज्या संविधान सभेने लिहिली तिच्यात वऱ्हाडातलेही सदस्य होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी.

एक बारीक कलम, ज्यावर सगळं अडतं

आता लक्ष देऊन वाचण्याचा भाग. अनुच्छेद ५६ मध्ये आणखी एक वाक्य आहे. मुदत संपली तरी नवे राष्ट्रपती पद स्वीकारेपर्यंत जुने राष्ट्रपती पदावर राहतील.

हेतू सरळ आहे. देश एक मिनिटही राष्ट्रपतींविना राहू नये. पण यातून एक शंका येते. नव्या माणसाची निवडणूकच झाली नाही, तर जुना माणूस बसूनच राहील का?

ही वाट बंद करण्यासाठी अनुच्छेद ६२ आहे. मुदत संपल्यामुळे जागा रिकामी होणार असेल तर निवडणूक मुदत संपण्याआधीच पूर्ण करायची. निवडणुकीची सूत्रं राष्ट्रपती भवनाकडे नाहीत, ती निवडणूक आयोगाकडे आहेत. मुदत संपायला ६० दिवस उरले की आयोग अधिसूचना काढू शकतो.

१९७४ मध्ये या नियमाची परीक्षा झाली. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची मुदत २४ ऑगस्टला संपणार होती. त्याच काळात गुजरातची विधानसभा विसर्जित झालेली होती, म्हणजे मतदारांतला एक अख्खा गट गायब. मग निवडणूक पुढे ढकलायची का? सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं गेलं. न्यायालयाने सांगितलं, की एखादी विधानसभा विसर्जित असली तरी राष्ट्रपतिपदाची निवडणूक मुदतीच्या आतच व्हायला हवी. जुन्यांना बसवून ठेवण्याची तरतूद ही निवडणूक लांबवण्याचं निमित्त होऊ शकत नाही. निवडणूक झाली आणि २४ ऑगस्ट १९७४ ला फखरुद्दीन अली अहमद यांनी शपथ घेतली.

आणीबाणी लावली तर? आणीबाणीत लोकसभेची मुदत संसद कायदा करून एका वेळी एक वर्षाने वाढवू शकते. १९७६ मध्ये तसं घडलंही. पण राष्ट्रपतींची मुदत वाढवण्याची अशी तरतूद घटनेत नाही.

निकालावर वाद झाला तर? अनुच्छेद ७१ नुसार तो वाद फक्त सर्वोच्च न्यायालयात जातो. १९६९ मध्ये गिरींच्या निवडीला आव्हान दिलं गेलं तेव्हा पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः न्यायालयात साक्ष द्यायला आले होते. याचिका फेटाळली गेली आणि विषय संपला.

खुर्ची अचानक रिकामी झाली तेव्हा

खरा ताण मुदत संपताना येत नाही, अचानक जागा रिकामी झाल्यावर येतो. आपल्याकडे दोन राष्ट्रपतींचं पदावर असताना निधन झालं. ३ मे १९६९ ला डॉ. झाकिर हुसेन आणि ११ फेब्रुवारी १९७७ ला फखरुद्दीन अली अहमद.

१९६९ चं प्रकरण तर सिनेमासारखं आहे. झाकिर हुसेन गेल्यावर उपराष्ट्रपती गिरींनी काम सांभाळलं. पण त्यांना स्वतःलाच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती, म्हणून २० जुलैला ते पायउतार झाले. आता राष्ट्रपती नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत. मग कोण?

संसदेने त्यासाठी कायदा केला होता. त्यानुसार सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. त्यांचं विदर्भाशी जुनं नातं होतं. अमरावती आणि अकोला ज्या नागपूर उच्च न्यायालयाच्या हद्दीत येत असत, तिथे ते न्यायाधीश आणि मग मुख्य न्यायाधीश होते. हंगामी राष्ट्रपती म्हणून त्यांच्या काळातच अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन भारतात आले. महिनाभर देशाचं सर्वोच्च पद त्यांच्याकडे होतं. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन शपथबद्ध झाले आणि हिदायतुल्ला पुन्हा आपल्या न्यायालयात जाऊन बसले.

अफवांचा उन्हाळा, १९८७

भारतात 'राष्ट्रपती काहीतरी करणार' अशी भीती सगळ्यात जास्त पसरली ती १९८७ मध्ये. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आणि पंतप्रधान राजीव गांधी यांच्यात बेबनाव होता. टपाल उघडून वाचण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या विधेयकावर झैलसिंगांनी सहीच केली नाही. ना मंजूर केलं, ना परत पाठवलं. घटनेत सही करण्याची कालमर्यादा नसल्याने ते विधेयक तसंच पडून राहिलं.

त्याच वेळी बोफोर्सचं प्रकरण तापलं होतं. राष्ट्रपती पंतप्रधानांना बडतर्फ करणार, अशा बातम्या आणि अफवा दिल्लीत रोज उठत होत्या. व्हॉट्सॲप नव्हतं एवढंच. शेवटी काय झालं? काहीच नाही. २५ जुलै १९८७ ला मुदत संपली, आर. वेंकटरामन यांनी शपथ घेतली आणि झैलसिंग राष्ट्रपती भवनातून बाहेर पडले. राजकीय राग कितीही असला तरी तारखेला तो अडवू शकला नाही.

बाहेरच्या देशांत काय झालं?

आता त्याच कसोटीवर बाकीचे देश बघू.

अमेरिका. तिथल्या २० व्या घटनादुरुस्तीनुसार राष्ट्राध्यक्षांची मुदत २० जानेवारीला दुपारी १२ वाजता संपते. जुने राष्ट्राध्यक्ष मान्य करोत की न करोत. २०२१ मध्ये हिंसाचार होऊनही जो बायडन यांनी त्याच दिवशी शपथ घेतली. ट्रम्प समारंभाला गेले नाहीत. उत्तराधिकाऱ्याच्या शपथविधीला न जाण्याची अशी घटना त्याआधी १८६९ मध्ये घडली होती. चार वर्षांनी उलट चित्र दिसलं. ६ जानेवारी २०२५ ला उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवाची मतमोजणी स्वतःच्या अध्यक्षतेखाली पूर्ण केली आणि २० जानेवारीला बायडन ट्रम्प यांच्या शपथविधीला हजर राहिले.

ब्राझील. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाइर बोल्सोनारो हरले. लुला यांच्या शपथविधीला ते गेले नाहीत. ८ जानेवारी २०२३ ला त्यांच्या समर्थकांनी राजधानीतल्या सरकारी इमारतींवर हल्ला केला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बोल्सोनारोंना सत्ता उलथवण्याच्या कटासाठी २७ वर्षांहून अधिक शिक्षा सुनावली.

गांबिया. पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात याह्या जामेह २२ वर्षं सत्तेवर होते. डिसेंबर २०१६ मध्ये ते निवडणूक हरले, पराभव मान्य केला आणि आठवडाभरात शब्द फिरवला. विजयी उमेदवार अडामा बॅरो यांना शेजारच्या सेनेगलमध्ये, गांबियाच्या दूतावासात शपथ घ्यावी लागली. शेजारी देशांचं सैन्य सीमा ओलांडून आत आल्यावर जामेह देश सोडून गेले.

तिन्ही देशांत घटना होती, निवडणूक झाली होती, निकालही लागला होता. फरक पडला तो निकालानंतर बाकीचे लोक कुणाचं ऐकतात यामुळे. न्यायालय, निवडणूक यंत्रणा, सैन्य आणि सरकारी अधिकारी मावळत्या नेत्याकडे बघत राहिले की नव्या शपथेकडे, यावर सगळं ठरलं.

मुख्यमंत्र्यांचं गणित वेगळं

सोशल मीडियावर हे दोन विषय अनेकदा एकत्र केले जातात. राष्ट्रपतींची मुदत ठरलेली असते. मुख्यमंत्र्यांचं तसं नाही. विधानसभेत बहुमत आहे तोवर मुख्यमंत्री. नवं सरकार येईपर्यंत राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्यांना राज्यपाल काळजीवाहू म्हणून थांबायला सांगतात.

२९ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला आणि त्याच रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदेंनी शपथ घेतली. पुढे ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता स्वतः राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. त्या सत्तांतरावर आजही वाद घालता येतो. पण वाद घालायची जागा विधानसभा आणि न्यायालय हीच राहिली.

अमरावती-अकोल्यात उलटंच झालं होतं

आता घराजवळचा मुद्दा. इथे प्रश्न जाणाऱ्यांचा नव्हता, येणाऱ्यांचा होता.

अमरावती महापालिकेत ८७ नगरसेवक असतात, अकोल्यात ८०. दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. महापौर आणि नगरसेवक गेले. कुणी खुर्ची धरून बसलं नाही. पण त्यांच्या जागी निवडून आलेलं दुसरं कुणी आलंच नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि प्रत्यक्ष मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे जवळपास चार वर्षं नळाला पाणी येत नाही, गल्लीत लाइट नाही हे सांगायला दोन्ही शहरांत नगरसेवकच नव्हता.

घटनेचं इथलं कलमही वाचण्यासारखं आहे. अनुच्छेद २४३-यू म्हणतो, महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही. नवी निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी, असंही त्यातच लिहिलंय. म्हणजे राष्ट्रपतींच्या बाबतीत नवे येईपर्यंत जुने राहतात आणि महापालिकेत जुन्यांना एक दिवसही जादा मिळत नाही. नियम दोन प्रकारचे असले तरी दोन्हीकडे एक अट समान आहे. निवडणूक वेळेवर झाली पाहिजे. ती दिल्लीत पाळली गेली, अमरावती-अकोल्यात पाळली गेली नाही.

सत्तेचं शांततापूर्ण हस्तांतर म्हणजे फक्त जुना माणूस जाणं नाही. लोकांनी निवडलेला नवा माणूस वेळेवर येणं हाही त्याचा अर्धा भाग आहे.

शपथ देणाऱ्यांनाही मुदत असते

राष्ट्रपतींना शपथ देणाऱ्या सरन्यायाधीशपदावर २०२५ मध्ये अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. बिहार आणि केरळचे राज्यपाल राहिलेल्या रा. सू. गवई यांचे ते चिरंजीव. १४ मे २०२५ ला राष्ट्रपती मुर्मूंनी त्यांना शपथ दिली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६५, त्यामुळे २३ नोव्हेंबरला ते निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती भवनात न्या. सूर्य कांत यांचा शपथविधी झाला. गवई तिथे सरकारी गाडीने आले आणि नव्या सरन्यायाधीशांसाठी ती गाडी तिथेच ठेवून दुसऱ्या गाडीने परतले, हे त्या दिवशीच्या बातम्यांत आवर्जून सांगितलं गेलं. निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद घेणार नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

पुढची परीक्षा कधी?

द्रौपदी मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते. म्हणजे मे २०२७ च्या अखेरीस निवडणुकीच्या हालचाली दिसायला हव्यात. मतदान करतात निवडून आलेले खासदार आणि आमदार. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं आणि खासदाराचं ७००. त्या हिशेबाने अमरावती जिल्ह्याच्या ८ आणि अकोला जिल्ह्याच्या ५ अशा १३ आमदारांचं मिळून मूल्य २,२७५. अमरावती आणि अकोल्याच्या दोन खासदारांचं १,४००. एकूण ३,६७५. तेव्हा देशभरातलं एकूण मूल्य होतं १०,८६,४३१. वाटा छोटा आहे, पण तुम्ही विधानसभेला आणि लोकसभेला दिलेलं मत असं राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचतं.

थोडक्यात काय?

- मावळत्या राष्ट्रपतींचा होकार घटनेने मागितलेलाच नाही. नवी शपथ झाली की जुनं पद संपलं.
- नवे येईपर्यंत जुने राहतात, म्हणून वेळेवर निवडणूक ही खरी राखण आहे. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.
- लोकसभेसारखी मुदतवाढ राष्ट्रपतींना आणीबाणीतही मिळत नाही.
- निकालाचा वाद रस्त्यावर नाही, सर्वोच्च न्यायालयात सुटतो.
- 'राष्ट्रपती पद सोडणार नाहीत' असा मेसेज आला तर एवढंच तपासा. निवडणूक आयोगाने वेळापत्रक जाहीर केलंय का? केलं असेल तर मेसेज पुढे पाठवायची गरज नाही. मुदत जवळ येऊनही ते जाहीर झालं नसेल, तर मात्र प्रश्न विचारायची वेळ आली असं समजा.